मेतकूट, हळद आणि शोधाचा हक्क

पेण आणि रोहा या दोन गावांतील अंतर थोडे, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत तर ते जवळजवळ नाहीच. पेण भोगावतीच्या काठी वसलेले, रोहा कुंडलिकेच्या. पेणच्या पोह्यांचे, पापडांचे व गणपतीच्या मूर्तींचे नाव दूरवर पोहोचलेले आहे; रोह्याभोवती भातशेतीचा वेढा आहे. परंतु उन्हाळा लागला आणि वर्षाची बेगमी करण्याचे दिवस आले, की दोन्हीकडच्या माजघरांत एकच वास दरवळतो. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ व मूठभर गहू मंद आचेवर निरनिराळे भाजावयाचे, त्यांत जिरे, धणे, मोहरी, मेथी, सुंठ, हिंग आणि हळद मिळवावयाची, व सर्व जिन्नस बारीक दळून डब्यात भरावयाचे. हेच मेतकूट. तापातून उठलेल्या माणसास मऊ भात, तूप व मेतकूट. बाळंतिणीस हळिवाचे आणि डिंकाचे लाडू. तान्ह्या मुलास नाचणीचे सत्त्व. हे कोणी ठरविले, केव्हा ठरविले, याची कोठे नोंद नाही. सासूने सुनेस वाटी-चमच्याच्या मापाने सांगितले, सुनेने आपल्या सुनेस.

आता अशी कल्पना करावी, की एखाद्या व्यापाऱ्याने हेच जिन्नस घेतले, भाजले, दळले, सुबक डब्यात भरले, त्यावर 'पौष्टिक चूर्ण' असे नाव घातले, आणि सरकारदरबारी अर्ज केला की हे मिश्रण प्रथम आपणच केले, सबब इतर कोणी ते करून विकू नये. हा अर्ज मान्य व्हावा काय? ऐकणाऱ्यास प्रथम हसू येईल. परंतु या हसण्याजोग्या प्रश्नावर जगातील मोठमोठ्या न्यायालयांनी शेदीडशे वर्षे डोके चालविले आहे, आणि महाराष्ट्रातील माणसांचाही त्या वादांशी निकटचा संबंध आलेला आहे.

ज्यास पेटंट म्हणतात तो एक करार असतो. शोधकाने आपली कृती काहीही न लपविता कागदावर उघड करावी, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने ठराविक मुदतीपर्यंत ती कृती इतरांनी वापरू नये असा हक्क त्यास द्यावा. भारतात ही मुदत आज अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. आपल्याकडे हा कायदा प्रथम १८५६ साली आला. त्या वर्षी मार्च महिन्यात कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नावाच्या इंजिनियराने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढणाऱ्या गड्याचे काम यंत्राने करावे, ही त्यामागची कल्पना. त्यापुढे १९११ चा कायदा आला व स्वातंत्र्यानंतर १९७० चा.

कोणत्याही अर्जास दोन मुख्य प्रश्न विचारले जातात. पहिला, ही गोष्ट नवी आहे काय? दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ती नवी असली तरी त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिरास सहज सुचण्यासारखी होती काय? हा जाणता कारागीर कोणी खराखुरा माणूस नसतो. तो न्यायाधीशांनी मनाशी कल्पिलेला असतो. पेणच्या एखाद्या मूर्तिशाळेत पंधरा वर्षे काम केलेला गडी डोळ्यांपुढे आणावा. तो प्रतिभावंत शिल्पकार असेलच असे नाही. परंतु एका साच्यातले धड व दुसऱ्या साच्यातले हात जोडून मूर्ती करता येईल, हे त्याला कोणी सांगावयास नको. असे जे जोडकाम त्यास सहज सुचेल, त्यावर कोणा एकाचा हक्क चालू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मोटारीच्या पायट्याविषयीच्या एका खटल्यात हेच सांगितले. पायटा जुना होता व त्यास जोडलेले विद्युत उपकरणही जुने होते. जाणता कारागीर म्हणजे किल्ली दिलेले खेळणे नव्हे, त्यालाही बेताची का होईना पण कल्पकता असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

माहीत असलेल्या दोन वस्तू एकत्र आणल्या म्हणजे शोध होतो काय, हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे. १८९० साली इंग्लंडात एक खटला झाला. मांस बारीक करण्याचे यंत्र जुने होते. ते नळीत भरण्याचे यंत्रही जुने होते. एकाने दोन्ही यंत्रे एकमेकांस जोडली व पेटंट घेतले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. दोन्ही यंत्रे जोडल्यावरही आपापले जुनेच काम करीत होती. नवे असे त्यांतून काही निष्पन्न झाले नव्हते. शाकाहारी घरांतील वाचकांस हे उदाहरण रुचणार नाही, परंतु या विषयावरील पुढील पुष्कळशी चर्चा त्या यंत्राभोवती फिरलेली आहे.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला वाद पेणच्या शेतकऱ्यास अधिक समजण्याजोगा आहे. भात निघाल्यावर त्याच शेतात ओलीवर वाल पेरण्याची या भागात चाल आहे. वालासारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी येतात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. निरनिराळ्या पिकांस निरनिराळ्या जातीचे जंतू लागतात. एका कंपनीने एकमेकांस मारक न ठरणाऱ्या जाती निवडून त्यांचे एकच मिश्रण केले, म्हणजे शेतकऱ्यास वेगवेगळ्या पुड्या नकोत. सोय मोठी होती यात शंका नाही. तथापि बहुसंख्य न्यायाधीशांचे मत असे पडले, की मिश्रणातील प्रत्येक जंतू पूर्वी करीत होता तेच करतो. मिश्रणाने त्याच्या अंगी नवा गुण आणलेला नाही. पेटंट रद्द झाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असा प्रश्न आला तो भांड्यांच्या निमित्ताने. मिर्झापूरकडील एका कारखान्याने १९५१ साली पितळेची भांडी कातण्याच्या पद्धतीवर पेटंट घेतले होते. पूर्वी भांडे चरकाच्या एकाच टोकाशी लुकणाने चिकटवीत किंवा पकडीत धरीत. पकडीखालचा भाग घासला जात नसे, आणि कधी कधी भांडे उडून कामगारास इजाही होई. नव्या पद्धतीत समोरून दाबाची दांडी लावून भांडे दोन्ही बाजूंनी धरले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केले, दोन न्यायाधीशांनी ते पुन्हा उचलून धरले, आणि शेवटी १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सरकारिया यांच्या निकालपत्राने ते कायमचे रद्द केले. समोरून आधार देणारे चरक कारखानदारांस आधीपासून ठाऊक होते. जुन्या अंगांची जुळणी केली म्हणून भागत नाही. तिच्यातून नवे फळ, किंवा अधिक चांगली वा अधिक स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, आणि कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेहून ती काही अधिक असली पाहिजे, हे सूत्र त्या निकालाने घालून दिले. भारतातील पुढील निकालांत त्याचा आधार वारंवार घेतला गेला.

अन्न व औषध यांच्या बाबतीत १९७० चा कायदा करणाऱ्यांनी विशेष सावधगिरी बाळगली होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ सालच्या अहवालाचा त्यावर मोठा प्रभाव होता. २० एप्रिल १९७२ पासून हा कायदा अमलात आला, तेव्हापासून २००४ अखेरपर्यंत भारतात अन्नपदार्थावर वा औषधावर, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूवर, पेटंट मिळत नसे. ती बनविण्याच्या रीतीवर तेवढे मिळे. एकाच औषधास दुसरी रीत शोधून ते स्वस्तात करण्याचा मार्ग भारतीय कारखान्यांस मोकळा राहिला तो यामुळे. शिवाय त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक लहानसे पोटकलम घातले होते. घटकांच्या गुणांची नुसती बेरीज ज्यात होते असे केवळ मिश्रण, आणि ते करण्याची रीतही, शोध मानू नये. २००५ पासून वस्तूवरील बंदी उठली, पौष्टिक चूर्णे व गोळ्या यांना वाट मोकळी झाली, आणि इतकी वर्षे मागे पडलेले हे पोटकलम दारावरच्या राखणदारासारखे पुढे उभे राहिले. ज्याला आपले मिश्रण केवळ बेरजेहून अधिक आहे असे म्हणावयाचे, त्याने ते प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवावे, असा पेटंट कचेरीचा आग्रह असतो.

परंतु हे झाले आपल्या घरातले. बाहेरच्या देशात एखाद्याने आपल्या डब्यातील जिन्नसावर हक्क सांगितला तर काय होते, हे १९९५ साली कळून आले. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याच्या पद्धतीवर पेटंट दिले. अर्जदार संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते, हे विशेष. ज्या देशात बोट कापले की आई आधी हळदीच्या डब्याकडे धावते, त्या देशात या बातमीने खळबळ उडणे साहजिक होते. अमेरिकेने हळद पळविली, आता भाजीत हळद घालावयासही परवाना लागणार, अशी आवई उठली. ती खरी नव्हती. पेटंट अमेरिकेपुरते होते आणि जखमेपुरते होते. भाजी-आमटीस त्याचा स्पर्शही नव्हता. तथापि जे सर्वांस ठाऊक त्यास शोध म्हणावयाचे, ही गोष्ट मुळातच चुकीची होती, आणि ती तशीच सोडून देणे योग्य झाले नसते.

त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक रघुनाथ माशेलकर होते. त्यांचा जन्म गोव्यातील माशेल येथला, बालपण मुंबईतील, आणि नावलौकिक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला. परिषदेने १९९६ च्या ऑक्टोबरात पेटंटाच्या फेरतपासणीचा अर्ज केला. येथे एक मोठी अडचण होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील वहिवाट पुरावा म्हणून चालत नसे. अमेरिकेत कोणी वापरले असेल तर चाले. परदेशातले असेल तर ते छापून आलेले पाहिजे. म्हणजे पेणच्या एका आजीने साठ वर्षे नातवंडांच्या गुडघ्यांस हळद लावली, हे त्या कचेरीच्या लेखी घडलेच नव्हते. मात्र तिच्या हळदीविषयी कोणी एक ओळ छापून ठेवली असेल, तर ते घडले होते. कोट्यवधी माणसांच्या नित्याच्या अनुभवाहून एका छापील पानाचे वजन अधिक मानणारा हा नियम अन्यायाचाच होता.

म्हणून परिषदेच्या लोकांनी ग्रंथालये धुंडाळली. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील एकंदर बत्तीस आधार काढले; त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यात होता. या आधारांस पेटंटधारकांनी जे उत्तर दिले, ते ऐकण्याजोगे आहे. जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, आमचे पेटंट हळदीच्या पुडीचे आहे. लेप आणि पूड यांचे अंगात मुरण्याचे गुणधर्म निराळे, तेव्हा लेपाने जे होते ते पुडीने होईल असे जाणत्या माणसासही खात्रीने वाटले नसते. शिवाय हळद पोटात घेण्याचा जो उल्लेख आहे तो मधाबरोबर आहे, आणि मध हा स्वतःच जखम भरून आणणारा मानला जातो. मग गुण हळदीचा कशावरून?

कोकणातल्या कोणाही गृहिणीस पहिले उत्तर ऐकून नवल वाटेल, कारण पुडीत पाण्याचे चार थेंब पडले की तिचाच लेप होतो. मधाचे उत्तर मात्र तितके हास्यास्पद नाही. मिश्रणाचा गुण कोणत्या घटकाचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर परंपरा देत नाही, कारण तिला ते कधी द्यावेच लागले नाही. परीक्षकाने दोन्ही उत्तरे नाकारली. जखमेच्या कामी लेप आणि पूड समानच, असे त्याने ठरविले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील सर्व दावे फेटाळण्यात आले. या झगड्यास पुढे हळदीघाटीची लढाई असे गमतीने म्हटले गेले.

कडुनिंबाची हकिगत याच काळातली, परंतु तिचा निकाल वेगळ्या पुराव्यावर लागला. अमेरिकेतील ग्रेस नावाच्या कंपनीस व अमेरिकी शेतखात्यास १९९४ साली युरोपात एक पेटंट मिळाले होते. निंबाच्या बियांतून विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने पिकांवरील बुरशीचा बंदोबस्त करावयाचा, असा त्याचा विषय. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित पक्षाच्या माग्दा आलव्हूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ मध्ये त्यास हरकत घेतली. युरोपचा नियम असा, की जगात कोठेही जे लोकांसमोर उघड झाले असेल, मग ते लेखी असो वा प्रत्यक्ष वापरातले असो, ते सर्व पूर्वज्ञान होय. म्हणून येथे माणसाची साक्ष चालली. अभय फडके हे पुण्याकडील कारखानदार. निंबापासून कीडनाशके करण्याचा त्यांचा व्यवसाय. १९८५ व १९८६ साली पुणे व सांगली भागातील शेतकऱ्यांकडे आपण याच जातीच्या निंबार्काचे प्रयोग केले होते, असे त्यांनी म्युनिक येथे जाऊन सांगितले. त्यांची साक्ष विश्वासार्ह ठरली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी कंपनीचे अपीलही फेटाळले गेले.

हळद आणि निंब ही एकेरी द्रव्ये. मेतकुटाचा खरा भाऊबंद पाहावयाचा तर १९९९ च्या मे महिन्यातील एक अमेरिकी पेटंट पाहावे. न्यू जर्सीतील एका कंपनीस ते मिळाले. जांभूळ, कारले, गुडमार म्हणजेच मधुनाशिनी, आणि वांगे यांपैकी निदान दोहोंचे मिश्रण रक्तातील साखर उतरविण्यासाठी खावे, असा त्याचा गाभा. कारल्याचा रस व जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. 'वेल्थ ऑफ इंडिया' या ग्रंथमालेतही यांचे गुण छापलेले आहेत. परंतु नीट पाहिले तर येथे अडचण निराळी आहे. एकेकट्या वनस्पतीचा गुण छापलेला दाखविता येतो. नेमक्या त्याच दोन वनस्पती एकत्र घेण्याची कृती छापलेली दाखविणे कठीण. मग 'हे नवे नाही' असे म्हणता येत नाही. 'हे सहज सुचण्यासारखे आहे' एवढेच म्हणता येते. साखर उतरविणारे एक द्रव्य आणि साखर उतरविणारे दुसरे द्रव्य एकत्र करावे, हे सुचावयास विद्वत्ता कशाला हवी? या हत्यारास कायद्यात दुसऱ्या प्रश्नाचे स्थान आहे ते याच कारणाने.

या अनुभवांनंतर भारतात दोन गोष्टी झाल्या. २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह करण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी शास्त्रांच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरवून परदेशी परीक्षकांस दिसतील असे करावयाचे, हा त्यामागचा हेतू. आणि २००२ च्या दुरुस्तीने, जी २० मे २००३ पासून लागू झाली, तिसऱ्या कलमात आणखी एक पोटकलम आले. जे वस्तुतः पारंपरिक ज्ञान आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या द्रव्यांच्या माहीत असलेल्या गुणांची जी बेरीज वा नक्कल आहे, ते शोध नव्हे. मेतकुटाच्या डब्याभोवती आता दुहेरी कुंपण झाले.

तथापि कुंपण जितके उंच तितके चांगले, असे समजून चालणार नाही. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की हळदीतील करक्युमिन हे द्रव्य नुसते घेतल्यास रक्तात जेमतेम उतरते. परंतु दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपरिन अवघे वीस मिलिग्रॅम दिले, तर माणसांत त्याचे शोषण वीस पटींनी वाढलेले दिसले. ही बेरीज नव्हे; एकाने दुसऱ्यासाठी दार उघडले. त्याच तत्त्वावर जम्मूच्या प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयावरील एक औषध निघाले. त्यात पायपरिन मिसळल्यामुळे रिफाम्पिसिनचे प्रमाण ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणता आले, आणि २००९ मध्ये त्यास भारतात परवानगी मिळाली. सुंठ, मिरी, पिंपळी यांचे त्रिकटू वैद्य शेकडो वर्षे अनेक योगांत घालीत आले. म्हणून हे सर्व आम्हांस ठाऊकच होते, असे म्हणावयाचे काय? मिरी घालावी हे ठाऊक होते. ती नेमके काय करते, किती घालावी, आणि क्षयाच्या औषधाचा डोस तिच्यामुळे निम्म्याहून खाली आणता येईल, हे ठाऊक नव्हते. ज्याने ते प्रयोगाने दाखविले त्यास त्याचे श्रेय नाकारणे, हेही आजीचे श्रेय हिरावण्याइतकेच गैर होईल.

हळदीच्या वेळचा अमेरिकेचा नियम आता राहिलेला नाही. १६ मार्च २०१३ पासून तेथील कायद्यानेही जगात कोठेही चाललेली उघड वहिवाट पूर्वज्ञान म्हणून मान्य केली आहे. आपल्याकडच्या छापील पुराव्याचा साठाही लहान नाही. मराठीत पाककृतींचे 'सूपशास्त्र' हे पुस्तक १८७५ सालीच छापले गेले, आणि शंकर दाजी शास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' कित्येक जुन्या घरांतील कपाटांत अजून आहे. परंतु संग्रहात उतरविले गेले ते शास्त्रग्रंथांतील योग. पेणच्या कोठीघरातील प्रमाण त्यात नाही. उडीद किती, हरभरा किती, मेथी कडू होऊ नये म्हणून आधी काढावयाची की शेवटी, हे एका घरी एक असते आणि रोह्यास दिलेल्या त्याच घरच्या लेकीकडे दुसरे. म्युनिकमध्ये फडक्यांच्या साक्षीस वजन आले ते त्यांना वर्षे व गावे सांगता आली म्हणून. मेतकुटाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटविलेली असतेच असे नाही. असली तर तिच्यावर 'मेतकूट' एवढेच लिहिलेले असते, तारीख नसते.